हाताची पारख ते तापनियंत्रक: आंबवण्याच्या उष्णतेचा इतिहास
#धागा #इतिहास #राहुरी

१/
ऊसगाळपाच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्याने राहुरीच्या पट्ट्यात शिरले की उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आडवे येतात आणि एखाद्या वळणावर मळीचा गोडसर, आंबूस वास नाकात भरतो. साखर काढून घेतल्यावर उरणारा हा काळा, दाट द्रव आंबवला की त्याचा मद्यार्क होतो. याच मुलखात एखाद्या वस्तीवर वेगळे दृश्य दिसते. थर्मोकोलचे खोके, आत पिवळा बल्ब, तांबड्या आकड्यांची लहानशी सर्किटपट्टी आणि खाली गावरान कोंबडीची अंडी. डिस्टिलरीची अजस्र टाकी आणि हे खोके यांचे नाते काय? आजचा धागा त्याविषयी आहे.

२/
त्या पट्टीला तापनियंत्रक म्हणतात. ती उष्णता मोजते, ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहते आणि बल्ब चालू वा बंद करते. पाश्चात्त्य देशांत घरी बिअर तयार करणारे हौशी लोक असाच नियंत्रक स्वतः जोडून जुन्या फ्रिजला लावतात. आपल्याकडे तोच अंडी उबवतो. एकाच यंत्राची दोन ठिकाणी दोन कामे का झाली, हे पाहू लागलो की भौतिकशास्त्र आणि अबकारी कायदा हे दोन धागे हाती लागतात. ते दोन्ही एकत्र धरल्याशिवाय हा इतिहास उलगडत नाही.

३/
आरंभीच एक खुलासा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. येथे कोणतीही कृती दिलेली नाही. उष्णता सांभाळण्याचे ज्ञान कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, एवढेच पाहायचे आहे.

४/
तापमापक येण्यापूर्वी आपल्या घरांत उष्णतेचे मोजमाप नव्हते असे मुळीच नाही. मराठीतले शब्दच पाहा: गार, कोमट, ऊन, कढत, हाताला सोसेल इतपत. दूध कोमट असताना विरजण लावायचे, थंडीच्या दिवसांत भांडे गोधडीत गुंडाळायचे वा चुलीच्या उबेला ठेवायचे, आणि उन्हाळ्यात पीठ लवकर फसफसते म्हणून ते रात्री उशिरा भिजवायचे. यात संवेदक म्हणजे करंगळी आणि नियंत्रक म्हणजे घरातली जाणती बाई. मोजणे, ताडून पाहणे आणि कृती करणे या तिन्ही पायऱ्या येथे आहेत. लिहिलेला आकडा तेवढा नाही.

५/
आता थोडे शास्त्र. यीस्ट साखर खाते तेव्हा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर उष्णताही निर्माण होते. एक किलो ग्लुकोज आंबताना सुमारे ५५० ते ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एका लिटर द्रवात १५० ग्रॅम साखर असेल आणि सारी उष्णता आतच कोंडली गेली, तर तो द्रव जवळजवळ २० अंश सेल्सिअसने तापेल. सुरुवात २८ अंशांवर झाली तर शेवट ४८ च्या घरात! नेहमीचे यीस्ट इतक्या उष्णतेत तग धरत नाही. त्याला ३० ते ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. त्यापुढे ते दुबळे होत जाते आणि साखर न आंबताच उरते.

६/
मग आपल्या पूर्वजांचे मडके कसे काय टिकत होते? उत्तर भूमितीत आहे. भांडे लहान असेल तर आतल्या द्रवाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता आपोआप बाहेर पडते. २० लिटरचे भांडे आणि त्याच आकाराची एक लाख लिटरची टाकी यांची तुलना करा. टाकीतल्या प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग मडक्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढाच भरतो. मडके स्वतःच निवते. टाकीला निववावे लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा बराचसा इतिहास त्यात सामावलेला आहे.

७/
गोव्यातील काजूच्या फेणीचे उदाहरण घ्या. बोंडूंचा रस, म्हणजे नीरो, मातीच्या मोठ्या भांड्यात भरतात. जुन्या पद्धतीत हे भांडे जमिनीत अर्धे पुरलेले असे आणि रस काही दिवस तसाच आंबू देत. जमीन दिवसा लवकर तापत नाही आणि रात्री लवकर निवत नाही. म्हणजे मातीच येथे तापमान स्थिर ठेवते. पुढे भट्टीवर वाफ धरताना वाफेच्या भांड्यावर गार पाण्याची धार धरतात. वीज नाही, पारा नाही, तरी उष्णतेचा हिशेब चोख. २००९ मध्ये या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो या ज्ञानाचाही गौरव मानायला हवा.

८/
सह्याद्रीच्या उत्तर भागात, ठाणे-पालघरपासून अकोल्याच्या डोंगरांपर्यंत, आदिवासी पाड्यांवर मोहाच्या फुलांची दारू निघे. भांडी लहान, फुले रानातली, गरज घरची, सणाची आणि देवकार्याची. तिथेही उष्णता हातानेच जोखली जाई. या लहान भांड्यावर घाला आला तो उष्णतेमुळे नव्हे, महसुलामुळे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी परवान्याखाली आणली. गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या केंद्रीय भट्ट्यांना बळ देण्याचे हे धोरण होते. भट्टी एके ठिकाणी असली की कर गोळा करणे सोपे जाते.

९/
तरीही मोह रानात फुलतच होता. म्हणून १८९२ मध्ये मोहफुलांसंबंधी वेगळा कायदा आला आणि ठाणे व कुलाबा या भागांत फुले बाळगण्यावरच निर्बंध पडले. पाड्यावरच्या माणसाला ही फुले टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनही लागत. ती वेचून घरात ठेवणे हाच संशयाचा विषय झाला. पुढे स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांवरील बंधने राहिलीच. राज्य शासनाने ती शिथिल केली २०२१ मध्ये. रानातून फुले वेचून आणणे पुन्हा संशयमुक्त व्हायला जवळजवळ १३० वर्षे लागली.

१०/
आता ध्यानात घ्या. कायद्याने आंबवण्याचे काम मडक्यातून काढून टाकीत नेले आणि टाकी, आपण पाहिले तसे, स्वतः निवत नाही. युरोपात हे बाजाराच्या रेट्याने आधीच घडले होते. अठराव्या शतकात लंडनच्या ब्रुअऱ्यांनी प्रचंड लाकडी पिंपे उभारली. ती केवढी होती? १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील म्यू कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीतील पिंप फुटले, बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जणांचा बळी गेला. एवढ्या आकारमानात करंगळीची पारख निरुपयोगी ठरली. आकडा हवा होता.

११/
आकडा देणारे साधन तयार होते. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास विश्वासार्ह पाऱ्याचा तापमापक घडवला. १७५८ मध्ये लंडनच्या मायकेल कोम्ब्रून या ब्रुअरने मद्यनिर्मितीवर ग्रंथ लिहून तापमापकाचा आग्रह धरला. जुन्या कारागिरांना ते रुचले नाही. जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या तरुण ब्रुअरला तापमापक वडिलांपासून लपवून वापरावा लागला, असे सांगतात. पिढीजात हाताची पारख श्रेष्ठ की काचेची नळी, हा वाद घराघरांत झाला. प्रत्येक नव्या मोजमापामागे असा एक घरगुती तंटा असतो.

१२/
या वादातून विज्ञानाला अनपेक्षित लाभ झाला. जेम्स ज्यूल हा मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधील ब्रुअर घराण्याचा मुलगा. यांत्रिक श्रम आणि उष्णता यांचे परस्परप्रमाण त्याने १८४० च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केले. फॅरनहाइट अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंतचा फरक आपण वाचू शकतो, असा त्याचा दावा समकालीनांना अविश्वसनीय वाटे. ब्रुअरीतल्या रोजच्या मोजमापाने त्याचा हात आणि डोळा तयार झाला होता, असे अनेक इतिहासकार मानतात. वर आपण उष्णता ज्या किलोज्यूलमध्ये मोजली, ते एकक त्याच्याच नावाचे आहे.

१३/
१८७० च्या दशकात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. १८७६ मध्ये लुई पाश्चरने बिअरवरील संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या पाठबळाने कार्ल फॉन लिंडे याने शीतकरण यंत्र विकसित केले. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा निघाली आणि तेथे १८८३ मध्ये एमिल हान्सनने शुद्ध यीस्ट वेगळे काढले. तोवर थंडावा म्हणजे निसर्गाचा बर्फ. आपल्या मुंबईतही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येत असे! आज स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या फ्रिजच्या पूर्वजांत एक ब्रुअरी आहे, ती अशी.

१४/
मात्र मोजणे निराळे आणि नियंत्रित करणे निराळे. तापमापक केवळ वार्ता देतो. झडप फिरवायला माणूस लागतो. माणसाशिवाय हे काम करणारी युक्ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने काढली. भट्टी तापली की बंद नळीतला द्रव प्रसरण पावे, त्याने पारा वर ढकलला जाई, पारा झडप लोटी आणि हवा कमी होऊन आग मंदावे. आग मंदावली की उलट क्रम. ही युक्ती त्याने कशासाठी वापरली? रसायनाची भट्टी आणि अंडी उबवण्याची पेटी यांसाठी! राहुरीच्या वस्तीवरच्या खोक्याचा मूळपुरुष आपल्याला येथे भेटतो.

१५/
पुढची पायरी दोन धातूंची पट्टी. समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ करण्याच्या खटपटीत जॉन हॅरिसनने अठराव्या शतकाच्या मध्यास दोन धातू जोडून पट्टी केली. दोन्ही धातू निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून उष्णतेने पट्टी वाकते. १८३० मध्ये स्कॉटिश रसायनज्ञ अँड्र्यू यूर याने याच तत्त्वावरील साधनाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. आपल्या घरातील इस्त्री ठरावीक तापली की आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना? तो हॅरिसनच्या पट्टीचा आवाज समजा.

१६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या तारेने ही आज्ञा दूरवर पोहोचवता येऊ लागली. अमेरिकेत वॉरन जॉन्सन या शिक्षकाने वर्गखोल्यांच्या उबेसाठी विद्युत थर्मोस्टॅट केला आणि १८८५ मध्ये त्याची कंपनी निघाली. सिद्धान्तही वाढत होता. १८६८ मध्ये मॅक्सवेलने नियामक यंत्रांचे गणित मांडले. १९२२ मध्ये निकोलाय मिनोर्स्कीने जहाजाच्या सुकाणूचा अभ्यास करून तीन प्रश्नांचा नियम सांगितला: चूक आत्ता किती आहे, आजवर किती साठली, आणि ती कोणत्या वेगाने बदलते आहे? आज ‘पीआयडी’ म्हणून ओळखला जाणारा हाच नियम.

१७/
आता नगर जिल्ह्यात येऊ. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरडवाहू मुलखात ऊस आणला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ मध्ये श्रीरामपूरजवळ टिळकनगर येथे महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापन केली. आज देशभर मद्य विकणारी टिळकनगर इंडस्ट्रीज ती हीच. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. पाठोपाठ राहुरीलाही सहकारी कारखाना आला. त्याच्यामुळे तिथल्या वस्तीला लोक आजही ‘राहुरी फॅक्टरी’ म्हणतात.

१८/
साखरेमागून मळी आली आणि मळीमागून डिस्टिलरी. येथे पाचव्या भागातला हिशेब आठवा. उन्हाळ्यात ज्या मुलखात पारा चाळिशीला पोहोचतो, तिथे स्वतःच तापणारी लाखो लिटरची टाकी ३०-३५ अंशांत राखायची! त्यासाठी आंबणारा द्रव पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकातून फिरवतात. एका बाजूने तो द्रव, दुसऱ्या बाजूने गार पाणी. यीस्टची निवड, तापमान आणि उतारा यांचा अभ्यास करण्यासाठी साखर कारखान्यांनी मिळून १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला संस्था काढली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उतारा एक टक्का घसरला तरी त्याची झळ अखेर उसाच्या भावापर्यंत पोहोचते. अंशाचा प्रश्न म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाचाच प्रश्न.

१९/
ही टाकी पुढे इंधनाच्या राजकारणातही आली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात मोजक्याच ठिकाणी सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड होते. राहुरीवरून जाणाऱ्या रस्त्याचे दुसरे टोक ते हेच मनमाड. आज आपण गाडीत भरतो त्या पेट्रोलमध्ये कुठल्यातरी टाकीत नीट राखलेल्या तापमानाचा वाटा असतो.

२०/
आंबवण म्हणजे केवळ मद्य, असेही नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्यामागे होते. पेनिसिलीन देणारी बुरशी २५ अंशांच्या आसपास रमते. पोलादी टाक्यांत ती वाढवताना हवा, निर्जंतुकता आणि तापमान यांत हयगय झाली की सबंध घाण वाया. मद्यशाळेत घडलेल्या विद्येने येथे रुग्णांचे प्राण वाचवले.

२१/
मग घरचे मडके? मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम झाला. इंग्रज सरकारला महसूल हवा होता; नव्या सरकारला नैतिक सुधारणा हवी होती. हेतू परस्परविरुद्ध, पण घरच्या भांड्यावरचा परिणाम सारखाच. पुढे संपूर्ण दारूबंदी सैल झाली, परवान्यांची व्यवस्था राहिली आणि तोच कायदा आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने लागू आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आणि त्याविरुद्ध गावोगाव उभ्या राहिलेल्या स्त्रिया हेही याच इतिहासाचे पान आहे. ते वगळून ही कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२२/
आणखी एक पान जवळचेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचा जीव घेतला. दोन वर्षांपूर्वीच मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली होती. अशा दुर्घटनांत बहुधा मिथेनॉल हे विषारी द्रव्य मारक ठरते, आणि ते यीस्टच्या चुकीतून नव्हे, भेसळीतून येते. कोणताही तापनियंत्रक त्यापासून वाचवू शकत नाही. मरणारे मात्र प्रत्येक वेळी गरीबच असतात.

२३/
इकडे परदेशांत वारे उलट वाहिले. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरच्यापुरती बिअर करणे संघराज्याच्या कायद्याने मोकळे झाले. शतकभर कारखान्यात राहिलेली विद्या गॅरेजमध्ये परतली. पण वीस लिटरच्या भांड्याला आता निराळी अडचण होती. ते स्वतः निवते, पण खोलीच्या हवेप्रमाणे हेलकावेही खाते. एल जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश लागतात, लागर जातीला त्याहून बरेच कमी. म्हणून हौशी माणसाने जुना फ्रिज घेतला आणि त्याला बाहेरून मेंदू जोडला.

२४/
तो मेंदू स्वस्त झाला तो इलेक्ट्रॉनिक्समुळे. १९६८ मध्ये ७४१ हा ऑप-ॲम्प आला, नंतर ५५५ हा टायमर आणि दर अंशाला दहा मिलिव्होल्ट देणारा एलएम३५ हा संवेदक. आपल्याकडेही मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे हे सुटे भाग मिळू लागले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकातील सर्किटे पाहून डाखाची कांडी हाती धरणारी एक पिढी तयार झाली. नगर जिल्ह्यातून पुण्याला गेलेला विद्यार्थी येताना पिशवीत रेझिस्टर आणि रिले घेऊन येई, तो हा काळ.

२५/
सर्किट काय करते? संवेदकाचा व्होल्टेज ठरवलेल्या व्होल्टेजशी ताडते आणि रिलेमार्फत बल्ब वा फ्रिज चालू-बंद करते. यात खुबी आहे ती मधल्या सैलपणाची. २० अंशांवर बंद आणि २० वरच चालू असे ठेवले तर रिले अखंड टकटकत राहील. म्हणून २० वर बंद, २१ वर चालू, असे अंतर सोडतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटे पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही, नाहीतर तो जळतो. आणि संवेदक हवेत लोंबकळत न ठेवता भांड्याला चिकटवायचा, कारण राखायचे तापमान आतल्या द्रवाचे असते. ही तिन्ही सूत्रे जाणत्या हातांना विरजण लावताना ठाऊक होतीच.

२६/
२००५ मध्ये इटलीत अर्डुइनो हा सोपा फलक निघाला आणि मिनोर्स्कीचा नियम घरच्या टेबलावर आला. एसटीसी-१००० नावाच्या स्वस्त चिनी नियंत्रकातला मूळ प्रोग्रॅम पुसून हौशी लोकांनी त्यात स्वतःचा घातला, जेणेकरून पहिले काही दिवस एक तापमान आणि नंतर दुसरे, असे वेळापत्रक तो आपोआप पाळेल. ड्रेबेल, यूर, लिंडे यांच्या कामाचे सार काही शे रुपयांत मुठीत मावू लागले. महाराष्ट्रात मात्र आंबवण्याच्या तापमानाची ही विद्या परवानाधारकांपुरती राहिली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकची वायनरी बहरली, २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी आली. घर तेवढे वगळले गेले.

२७/
घर वगळले गेले, पण यंत्र घरात आलेच, दुसऱ्या दाराने. डब्ल्यू १२०९ ही बारा व्होल्टची चिमुकली पट्टी, थर्मोकोलचे खोके, बल्ब, लहान पंखा आणि पाण्याची वाटी. कोंबडीच्या अंड्याला सुमारे ३७.५ अंश लागतात आणि २१ दिवस. अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवावी लागतात. तापमान एखाद्या अंशाने दीर्घकाळ चुकले की पिल्ले अशक्त निघतात किंवा निघतच नाहीत. लोडशेडिंगच्या मुलखात हे सोपे नाही. खुडूक कोंबडी आपल्या पोटाखाली जे सहज करते, ते करायला माणसाला चारशे वर्षे लागली आणि तरी वीज गेली की तो पुन्हा गोधडीच शोधतो!

२८/
राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय. अलीकडे याच विद्यापीठात संवेदकांवर चालणाऱ्या सिंचनाचे काम झाले. जमिनीतला ओलावा मोजायचा, ठरवलेल्या आकड्याशी ताडायचा आणि झडप उघडायची. साखळी तीच, उष्णतेच्या जागी पाणी आले. शेतकऱ्याने माती मुठीत दाबून घेतलेला अंदाज आणि संवेदकाचा आकडा यांची येथे रोज गाठ पडते. बॅव्हरस्टॉक पितापुत्रांचा तंटा आता बांधावर चालू आहे, असे म्हणा ना.

२९/
सारांश असा. मडके स्वतः निवत होते. महसुलाने आणि बाजाराने ते मोडून टाकी आणली. टाकी निवेना म्हणून तापमापक, बर्फाचे यंत्र आणि नियंत्रक आले. नियंत्रक स्वस्त होऊन पुन्हा घरी परतला तेव्हा कायद्याने जिथे जे काम मोकळे ठेवले होते, ते त्याने उचलले: मिल्वॉकीत बिअर, राहुरीत अंडी. यंत्राचा इतिहास केवळ शोधकांच्या नावांतून कळत नाही. त्या यंत्राला काय करण्याची मुभा होती, हेही शोधावे लागते. मोहाची फुले घरात ठेवली म्हणून ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्याच्या हातातही उष्णतेची विद्या होती. तिची नोंद कोणत्याही पेटंटात नाही.

३०/
आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या आजीला वा आईला विचारा: तापमापक नसताना विरजण, पापडाचा खार, आंबोळीचे पीठ, अंड्यांवर बसवलेली कोंबडी यांची ऊब त्या कशी ओळखत? त्यांनी वापरलेला नेमका शब्द लिहून ठेवा, कारण प्रत्येक तालुक्यात तो निराळा असतो. त्यानंतर हवा तर संवेदक लावून त्या शब्दाचा आकडा काढा. ‘कोमट’ म्हणजे किती अंश, हे राहुरीत आणि रत्नागिरीत सारखेच भरते का, हे पाहणेही इतिहासाचेच काम आहे. उत्तरे खाली अवश्य लिहा. धागा येथे समाप्त.